फणेरपेटी आणि तिचा सुतार

दर सोमवारी त्र्यंबकराजाची पालखी कुशावर्तावर जाते, तेव्हा आपणा सर्वांची दृष्टी देवाच्या मुखवट्यावर खिळलेली असते. पालखी कोणी घडविली हे कोणी विचारीत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते. मोलाची वस्तू जीत ठेवतात, तिचा इतिहास आपण लिहीत नाही. आज तोच थोडा सांगावयाचा आहे.

आपल्या आज्यांच्या घरी फणेरपेटी असे, शिसवाची किंवा सागवानी. झाकणाच्या आत आरसा. खालच्या कप्प्यांत फणी, मेण, कुंकवाचा करंडा आणि सणावारी घालावयाची नथ. घर, शेत पुरुषाच्या नावावर असे. ही पेटी मात्र बाईची.

हजारो मैलांवरच्या न्यूझीलंडात माओरी लोकांचीही अशीच एक कोरीव लाकडी पेटी आहे. तिला 'वाकाहुइया' म्हणतात. हुइया पक्ष्याची पिसे, फण्या, हिरव्या दगडाचे दागिने तीत ठेवीत. सरदाराचे मस्तक पवित्र, म्हणून त्यास लागलेली वस्तूही इतरांनी शिवू नये. यासाठी पेटी छपराला टांगीत. ती खालून दिसे, म्हणून सुतार तिचा तळही कोरून काढी! १७६९ साली कॅप्टन कुक तेथे पोहोचला आणि पुढे अशा कित्येक पेट्या युरोपच्या संग्रहालयांत गेल्या. हुइया पक्षी खात्रीने शेवटचा दिसला तो १९०७ साली. पक्षी गेला, पेटी उरली.

आपल्याकडील करंडे, फण्या, पेट्या जपल्या त्या दिनकर केळकरांनी. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रह आरंभिला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. कविता ते 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. पुण्याच्या त्यांच्या संग्रहालयात करंड्यांपुढे उभे असता आम्हांस वाटले, हे नाव खरे शोभते ते या वस्तू घडविणाऱ्या हातांना.

कामगार संघटनेत आम्ही पहिला धडा शिकलो तो हा, की हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याच्या घामाला पुरावा नाही. इतिहासाचाही एक हजेरीपट असतो. त्यावर दागिना घालणारी माणसे आहेत, पेटी करणारा नाही.

तेव्हा माळ्यावरची जुनी पेटी मोडीत काढण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: ही कोणी केली? नाव कळले तर एका चिठ्ठीवर लिहा आणि त्याच पेटीत ठेवा.