एक्झॉस्ट हेडरसाठी उष्णतारोधक लेप निवडताना

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधील जवळपास एकतृतीयांश ऊर्जा चाके फिरवण्याच्या कामी न येता धुरावाटे निघून जाते. हा धूर सिलिंडरमधून बाहेर पडताच ज्या नळ्यांत शिरतो, त्यांना वेगवान मोटारींच्या दुनियेत हेडर म्हणतात. नेहमीच्या मोटारीत या जागी बहुधा बिडाचा जाड, आखूड मॅनिफोल्ड असतो. हेडरमध्ये मात्र प्रत्येक सिलिंडरसाठी पातळ पोलादाची स्वतंत्र व लांब नळी असते आणि पुढे या नळ्या एकत्र येतात. धुराला मोकळी वाट मिळावी, हा या रचनेचा हेतू. परंतु जाड बीड जी उष्णता वर्षानुवर्षे सोसते, ती दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या नळीला सोसवत नाही. पूर्ण भाराखाली पेट्रोल इंजिनातील धुराचे तापमान ८०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. टर्बो असल्यास त्याहूनही वर. साध्या पोलादावर सुमारे ५५० अंशांपलीकडे झपाट्याने खपल्या धरू लागतात आणि नळी हळूहळू झिजत जाते.

लेपाकडून दोन अपेक्षा असतात. एक, धातूला गंजापासून वाचवणे. दुसरी, उष्णता नळीच्या आतच कोंडून ठेवणे. दोन्ही कामे करणारे लेप एकाच दुकानात, एकाच नावाने विकले जातात. बहुतेकांची फसगत होते ती येथेच.

उष्णता आत ठेवण्याचे कारण सरळ आहे. तापलेला धूर वेगाने पुढे सरकतो आणि बॉनेटखालची हवा त्यामानाने थंड राहते. इंजिनात ओढली जाणारी हवा दहा अंशांनी तापली, तर तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते व तेवढा प्राणवायू कमी मिळतो. शिवाय जवळून जाणाऱ्या वायरी, रबरी नळ्या, ब्रेकचे पाइप यांचे आयुष्यही याच उष्णतेवर ठरते. ‘लेप लावताच शक्ती वाढते’ अशी जाहिरात मात्र बेताने घ्यावी. जेथे हवा आत घेण्याची नळी हेडरशेजारूनच जाते, तेथे लाभ जाणवेल; अन्यत्र तो नगण्य असू शकतो.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे डब्यातला किंवा स्प्रेचा उष्णतारोधक रंग. नेहमीच्या मोटारीच्या रंगातील सेंद्रिय राळ दोन-अडीचशे अंशांनंतर जळू लागते, म्हणून या रंगांत सिलिकोन राळ व बऱ्याचदा अॅल्युमिनियमची पूड वापरतात. डब्यावरील आकडा वाचताना एक खबरदारी घ्यावी. अमेरिकी मालावर तो फॅरनहाइटमध्ये असतो. ‘१२००’ म्हणजे सेल्सिअसचे केवळ ६४९ अंश, आणि ‘२०००’ म्हणजे १०९३. पुष्कळदा तो क्षणिक कमाल तापमानाचा असतो, सतत सोसण्याच्या तापमानाचा नव्हे. शिवाय हा रंग केवळ वाळून भागत नाही, तो टप्प्याटप्प्याने भाजावा लागतो. साधारण १२०, मग २०० आणि शेवटी ३१५ अंशांवर अर्धा-अर्धा तास तापवून मध्ये थंड होऊ द्यायचे, अशी एक प्रचलित पद्धत आहे. हे न करता गाडी रस्त्यावर आणली, तर काही दिवसांतच पोपडे सुटतात आणि दोष रंगाला दिला जातो. नीट भाजला तरी हा रंग गंज थोपवतो, उष्णता फारशी अडवत नाही.

त्यापुढचा पर्याय आहे धातुमिश्रित सिरॅमिक लेपाचा. तो कारखान्यात फवारून भट्टीत पक्का करतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. पण तो नळीच्या आतूनही देता येतो, हे त्याचे खरे बलस्थान. चंदेरी झिलईचा प्रकार केवळ शोभेचा नाही. तापलेला चकचकीत पृष्ठभाग काळ्या पृष्ठभागापेक्षा कमी उष्णता बाहेर फेकतो. मात्र ही झिलई सुमारे ७०० अंशांपलीकडे मंदावते. त्यामुळे टर्बोसाठी अधिक तापमानाचा काळा किंवा करडा सिरॅमिक लेपच घ्यावा, मग तो दिसायला साधा का असेना.

सर्वांत वरच्या पायरीवर झिर्कोनियाचा लेप येतो. १९६० च्या दशकात ‘एक्स-१५’ या अमेरिकी रॉकेट-विमानाच्या इंजिनात हा पदार्थ वापरला गेला. पुढे जेट इंजिनांच्या पात्यांवर तो रूढ झाला. इंग्लंडमध्ये हारवेल येथील अणुसंशोधनातून पुढे आलेले हे तंत्र ‘झिरकोटेक’ कंपनीने फॉर्म्युला वनच्या गाड्यांपर्यंत नेले. प्लाझ्माच्या अतितप्त झोतात भुकटी वितळवून ती धातूवर मारतात. आधी निकेलयुक्त जोडथर, त्यावर झिर्कोनिया, अशी सुमारे ०.३ मिलिमीटर जाडी होते. साधे पोलाद जेवढी उष्णता वाहून नेते, त्याहून कितीतरी कमी झिर्कोनिया वाहून नेते. आणि तापल्यावर त्याचे प्रसरण इतर अनेक सिरॅमिकांपेक्षा धातूच्या जवळ असल्याने तडे कमी जातात. पण लेप ठिसूळ असतो. दगडाचा फटका बसला किंवा नंतर नळी वाकवली, तर तो निघतो. झोत सरळ रेषेत जात असल्याने लांब, वळणदार नळीच्या आत तो देता येत नाही, आणि खर्चही मोठा असतो.

येथे एक बाब विक्रेते क्वचितच सांगतात. केवळ बाहेरून उष्णता अडवली, तर ती जाणार कोठे? नळीचा धातू पूर्वीपेक्षा अधिक तापतो. साध्या पोलादाच्या हेडरवर बाहेरून जाड लेप चढवला, तर नळी आतून लवकर खपल्या सोडू लागते. म्हणून साधे पोलाद असल्यास आत-बाहेर दोन्हीकडून सिरॅमिक लेप द्यावा आणि झिर्कोनिया स्टेनलेस स्टीलसाठी राखावा. हेडरला गुंडाळायची काचतंतूची पट्टी याच कारणाने धोक्याची ठरते. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, तेल मुरले तर पेटूही शकते, आणि आत नळी कुजत असल्याचे वरून दिसत नाही.

जुन्या उपायांपैकी जग्वारच्या ‘ई-टाइप’वरील इनॅमल दिसायला देखणे, पण टवके उडणारे. क्रोमचा मुलामा तापून निळा पडतो. जस्ताचा मुलामा तर विसरावाच. जस्त ४२० अंशांना वितळते आणि त्याची वाफ श्वासाला अपायकारक असते.

लेपाचे यश बव्हंशी आधीच्या सफाईवर अवलंबून असते. वंगण पूर्ण काढून, वाळूच्या झोताने धातू खरखरीत केल्याशिवाय कोणताही लेप धरत नाही. वापरलेल्या हेडरमधील काजळी आधी भट्टीत जाळावी लागते. नव्याने बांधलेल्या इंजिनाचे पहिले काही तास जुना हेडर लावून काढावेत, कारण मिश्रण व ठिणगीची वेळ जुळेपर्यंत नळ्या अवाजवी तापतात.

सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मालकाने कायद्याचे भान ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यास मर्यादा आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या अधोरेखित केल्या. अशा गाडीत कंपनीचाच मॅनिफोल्ड ठेवून त्याला लेप द्यावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नये.

हेडर लेपासाठी देण्यापूर्वी तो गाडीवर एकदा बसवून पाहावा. ऑक्सिजन सेन्सरची बूच, आधाराचे कान यांचे वेल्डिंग आधीच उरकावे, कारण नंतरच्या वेल्डिंगने त्याभोवतीचा लेप जळतो. आटे आणि गॅस्केट बसण्याची सपाट बाजू झाकून घेण्यास कारागिराला लेखी सांगावे.