बिछायत (घरगुती निवड)

बिछायत : जमिनीवर बसण्यासाठी, झोपण्यासाठी किंवा खोलीच्या शोभेसाठी अंथरावयाच्या वस्त्रांची सर्वसाधारण संज्ञा. गालिचा, सतरंजी, जाजम, घोंगडे आणि बस्कर हे तिचे परिचित प्रकार होत. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात बिछायतीची निवड रंग व नक्षी यांपेक्षा हवामान, धूळ आणि धुण्यासाठी मिळणारे पाणी यांवर अधिक अवलंबून असते. त्यामुळे थंड प्रदेशांत उपयुक्त ठरणारा जाड लवदार गालिचा येथील प्रत्येक घराला मानवतोच असे नाही.

प्रकार व वीण : गालिच्यात ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांवर लोकरीच्या किंवा रेशमाच्या गाठी मारून त्यांची टोके कातरतात आणि त्यांपासून पृष्ठभागावर लव तयार होते. सतरंजीला लव नसते. तिच्यात बाण्याचे म्हणजे आडवे धागे पंज्याने इतके घट्ट ठोकतात की ताणा पूर्णपणे झाकला जातो आणि वस्त्र बहुधा दोन्ही बाजूंनी वापरता येते. जाजम हे मोठ्या बैठकीसाठी अंथरावयाचे जाड सुती कापड असते. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीपासून विणलेले घोंगडे मराठवाड्यातील धनगर समाजात पांघरण्यासाठी व अंथरण्यासाठीही वापरले जाते. त्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवे घोंगडे काही काळ ताठ व टोचरे लागते.

पार्श्वभूमी : १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते आणि त्याच संस्थानातील वरंगळ हे गालिचे व सतरंज्या यांच्या विणकामाचे जुने केंद्र होते. तेथील गालिचे १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडले गेले होते, तर वरंगळच्या सतरंज्यांना २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. गाठींच्या गालिच्यांसाठी उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर पट्टा प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या येरवडा कारागृहातही सतरंज्या व गालिचे विणण्याची परंपरा होती.

स्थानिक निकष : जिल्ह्यात काळ्या जमिनीचे प्रमाण मोठे असून उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. या काळात वाऱ्याबरोबर येणारी बारीक माती लवेच्या तळाशी जाऊन बसते आणि पावलांच्या दाबाने गाठींची मुळे झिजवते. शेताशी रोजचा संबंध असलेल्या घरांत पावसाळ्यातील चिखलाची भर पडते. शिवाय जालना शहर व अनेक गावांना वारंवार पाणीटंचाई सोसावी लागल्यामुळे भरपूर पाण्याने धुवावी लागणारी बिछायत उन्हाळ्यात गैरसोयीची ठरते. सुती सतरंजी झटकता येते, उलटवून वापरता येते आणि तुलनेने कमी खर्चात बदलता येते. म्हणून रोजच्या वापराच्या खोलीस ती सर्वांत सोयीची होय. लवदार गालिचा ज्या खोलीत पादत्राणांचा व स्वयंपाकाचा संबंध येत नाही, तेथे घालणे इष्ट असते. शहाबादी फरशीवर जाड सतरंजी सहसा टिकून राहते. मात्र गुळगुळीत टाइल्सवर ती घसरत असल्याने तिच्याखाली रबरी जाळी घालणे आवश्यक असते, विशेषतः घरात वृद्ध व्यक्ती असल्यास.

माप : बिछायतीचे माप खोलीच्या क्षेत्रफळावरून नव्हे, तर बैठकीच्या पद्धतीवरून ठरवावे. भिंतीला लोड-तक्के लावून बसण्याची रीत असल्यास भिंतीलगत लांबट सतरंजी अंथरतात. सोफ्यासमोर गालिचा घालावयाचा असल्यास १० × १२ फुटांच्या खोलीत ६ × ९ फुटांचा गालिचा मधोमध अंथरल्यावर दोन बाजूंना २ फूट व उरलेल्या दोन बाजूंना दीड फूट जमीन मोकळी राहते, त्यामुळे झाडलोट सुलभ होते. दार आत उघडत असल्यास त्याच्या खालच्या फटीपेक्षा लव जाड नसावी.

पारख : हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर प्रत्येक गाठ व संपूर्ण नक्षी स्पष्ट दिसते आणि त्याची झालर म्हणजे ताण्याचीच मोकळी टोके असतात, यंत्रावरील गालिच्याला झालर बहुधा वेगळी शिवलेली असते. पाठीवर कापड चिकटवलेले असल्यास लव यंत्राने किंवा हातयंत्राने टोचून डिंकासारख्या रबरी थराने धरलेली असण्याचा संभव असतो. हा थर काही वर्षांनी सुकून त्याची भुकटी पडू लागते. सुटा धागा जाळल्यास लोकरीला जळक्या केसांचा वास येऊन चुरा होणारी राख उरते, सूत कागदाप्रमाणे जळते आणि कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून रंग लागल्यास तो कच्चा समजावा.

निगा : लोकरीच्या बिछायतीला कसर लागण्याची भीती असते, विशेषतः ती घडी घालून अंधाऱ्या जागी दीर्घकाळ ठेवल्यास. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर तिला ऊन दाखवून, झटकून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळून ठेवतात. घडीपेक्षा गुंडाळी चांगली, कारण घडीच्या रेषेवर धागे तुटतात. सुती बिछायत ओलसर तळमजल्यावर ठेवल्यास तिला बुरशी व वाळवी यांचा उपद्रव होतो, त्यामुळे ती जमिनीपासून उंच ठेवावी. सांडलेला चहा किंवा तेल घासून न काढता कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पाण्याने धुतलेली सतरंजी उघड्यावर पूर्ण वाळविण्याइतकी जागा घरात नसेल, तर एका मोठ्या सतरंजीऐवजी दोन लहान घेणे अधिक व्यवहार्य ठरते.