एथेलड्रीडा: एका राणीच्या नावाची कुळकथा

ऑड्री हे नाव आपल्यालाही ओळखीचे आहे. ज्या नावापासून ते झाले, ते एथेलड्रीडा मात्र आज इंग्लंडमध्येही क्वचितच ऐकू येते.

त्याचे सर्वांत जुने रूप एथेलथ्रिथ. जुन्या इंग्रजीत ‘एथेल’ म्हणजे कुलीन आणि ‘थ्रिथ’ म्हणजे बळ. अँग्लो-सॅक्सन राजघराण्यांत अशी जोडनावे ठेवण्याची रीतच होती. हे नाव अजरामर केले ते सातव्या शतकातल्या ईस्ट अँग्लियाच्या राजकन्येने. पहिला नवरा टॉन्डबर्ट लवकर वारला. दुसरा, एग्फ्रिथ, नॉर्थम्ब्रियाच्या गादीवर बसला. तिला मात्र संन्यासाची ओढ होती. बारा वर्षांच्या संसारात त्याची बरीच मनधरणी केल्यावर परवानगी मिळाली आणि राणीने राजवाडा सोडून दीक्षा घेतली. 673 मध्ये तिने इली इथे मठ उभारला. भोवती दलदल, पाण्यात वाम मासे अमाप. त्या माशांवरूनच गावाला इली म्हणतात, असे इतिहासकार बीड सांगतो.

बीडने 731 मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात तिच्या शेवटच्या आजाराची हकिकत आहे. मानेवर मोठी गाठ आली होती. किनफ्रिथ नावाच्या वैद्याने ती चिरली, तरी 679 मध्ये राणी वारली. तरुणपणी गळ्यात मिरवलेल्या हारांचे हे प्रायश्चित्त, असे ती म्हणे. सोळा वर्षांनी तिची बहीण सेक्सबुर्ग हिने थडगे उघडले, तेव्हा देह जसाच्या तसा होता आणि मानेवरचा घाव भरून आला होता, असे बीड लिहितो. मग इली हे मोठे तीर्थक्षेत्र झाले.

लॅटिन लिहिणाऱ्या धर्मगुरूंनी नावाचे एथेलड्रीडा केले. लोकांच्या जिभेवर ते झिजून ऑड्री झाले. 17 ऑक्टोबरला या संतिणीच्या नावाने इलीत जत्रा भरे. तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात. ‘सेंट ऑड्री’ भरभर म्हणताना ‘सेंट’मधला ‘ट’ पुढच्या नावाला चिकटला आणि ‘टॉड्री लेस’ हा शब्द तयार झाला. पुढे माल हलका होत गेला, तसा ‘टॉड्री’चा अर्थही भडक आणि स्वस्त असा झाला. धर्मसुधारणेच्या लाटेत 1541 मध्ये इलीची समाधीही फोडली गेली. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये ऑड्री हे नाव बकऱ्या राखणाऱ्या एका खेडवळ मुलीचे आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना आपल्या प्राचीन नावांची पुन्हा गोडी लागली. शार्लट यंग यांच्या ‘द डेझी चेन’ (1856) या कादंबरीच्या नायिकेचे नाव एथेलड्रेड, घरात हाक एथेल. याच सुमारास थॅकरे यांच्या ‘द न्यूकम्स’मधूनही एथेल हे नाव घरोघरी पोचले. विसाव्या शतकात ऑड्रीचे दिवस आले. 1929 मध्ये जन्मलेल्या ऑड्री हेपबर्नने तर ते जगभर नेले. पूर्ण नाव तेवढे मागे पडले.

ते पुन्हा ठेवले जावे, असे मला मनापासून वाटते. बट्टा लागला तो जत्रेतल्या मालाला. राणीला कुलीनता जन्माने मिळाली होती. बळ तिने स्वतः दाखवले, राजाची बायको असून आपले आयुष्य आपण ठरवले. नावाचे दोन्ही अर्थ इतके खरे करणारी माणसे इतिहासात थोडीच आहेत.