काष्ट्यापासून नेफ्यापर्यंत : पनवेल परिसरातील घरगुती अंतर्वस्त्रे

बोरघाटातील गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाल्यापासून 1863 मध्ये आगगाडी घाट चढेपर्यंत मुंबईहून पुण्याकडे जाणारा बराचसा माल पनवेलच्या खाडीत गलबतांतून उतरत असे आणि तेथून बैलगाड्यांवर चढत असे. या वाहतुकीमुळे गाड्यांची चाके बनवण्याचा धंदा गावात भरभराटीला आला, 1852 मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनाही या बाजारपेठेची दखल घ्यावी लागली. लोकांचा पेहराव नोंदवताना या लेखकांनी पागोटी, अंगरखे, लुगडी आणि चोळ्या यांची वर्णने केली. त्या कपड्यांच्या आत काय घातले जाते याकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच गेले. ही उणीव केवळ संकोचामुळे राहिली असे म्हणता येत नाही, कारण आत घालण्याचे वेगळे, शिवलेले वस्त्र त्या काळी बहुतेक घरांत जवळजवळ नव्हतेच.

पुरुषांचा लंगोट म्हणजे कापडाची पट्टी, तर कोळी आणि आगरी पुरुषांचा सुरका म्हणजे कमरेला बांधलेला तिकोनी रुमाल. चिखलात भातलावणी करणाऱ्या किंवा खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला याहून सोयीचे वस्त्र सापडणे कठीण, कारण ते लवकर वाळते आणि त्याला शिवण नसल्याने ओल्या अंगाला काहीही काचत नाही. स्त्रियांच्या नऊवारी लुगड्याचा काष्टा, म्हणजे पायांमधून मागे नेऊन खोचलेला भाग, अंतर्वस्त्राचेच काम करीत असे. आत परकर घालण्याची गरज पडत नसे. मासिक पाळीसाठी जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या जात. वरच्या अंगाची चोळीसुद्धा मुळात अंगालगतचे एकमेव वस्त्र होते, आणि खण बेतून, म्हणजे कापडाची घडी घालून मापाने कापून, तिचे तुकडे हाताने जोडण्याचे कसब अनेक घरांतील बायकांना अवगत असे. पुढच्या गाठीमुळे ती दिवसाच्या कामाप्रमाणे सैल किंवा घट्ट करता येई, ही सोय पुढे हुकाच्या ब्लाउजने हिरावून घेतली.

सुखकर शिवणीचे सर्वांत जुने घरगुती ज्ञान बाळंतिणीच्या खोलीत दिसते. तान्ह्या मुलाला नवे कापड न घालता धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे किंवा धोतराचे झबले, लंगोट आणि दुपटे करीत, आणि झबल्याची शिवण कित्येकदा मुद्दाम बाहेरच्या अंगाला ठेवीत, जेणेकरून कापडाची कड बाळाच्या कातडीला टोचू नये.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी आणि शिकलेल्या घरांत पाचवारी गोल साडी रुळू लागली आणि काष्टा सुटला. या एका बदलाने परकर अपरिहार्य केला, कारण गोल साडीच्या निऱ्या खोचायला कमरेला काहीतरी घट्ट बांधलेले लागते. पनवेलसारख्या गावात हा बदल एका दिवसात झाला नाही. आगरी आणि कोळी बायकांनी काष्टा दीर्घकाळ टिकवला, आणि कष्टाच्या कामाचा विचार करता त्यांचेच बरोबर होते असे म्हणावे लागते. परकराच्या जोडीला पोलके आणि त्याच्या आतली ‘बॉडी’, म्हणजे मांजरपाटाची किंवा पॉपलिनची, बटणे अथवा हूक लावलेली कसलेली कापडी चोळी, हीदेखील आली.

याच सुमारास शिवण्याचे साधनही पालटत होते. 1870 च्या दशकात भारतात आलेले सिंगर कंपनीचे शिलाई मशीन हप्त्यांच्या सोयीमुळे मध्यमवर्गात पसरले, आणि 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी मशीन काढले. मुंबईत 1908 मध्ये आणि पुण्यात 1909 मध्ये सुरू झालेल्या सेवासदन या स्त्रियांच्या संस्थांनी शिवणकामाला स्त्रीशिक्षणात प्रतिष्ठेची जागा दिली. मुलींच्या शाळांतही शिवण हा विषय शिरला. पुरुष शिंप्याकडून अंगाचे माप घेऊ द्यायला बायका तयार नसत, म्हणून ब्लाउजसाठी जुना मापाचा ब्लाउज शिंप्याकडे धाडला जाई; बॉडीच्या बाबतीत मात्र तेही अवघड वाटे आणि ती घरीच होई. काटकसरीइतकेच या संकोचाने घरगुती शिवणकाम जगवले.

परकराची कृती वरवर सोपी दिसते, पण तिचे यश दोन जागांवर ठरते. कमरेशी अरुंद आणि पायाशी रुंद असे तिरपे तुकडे, म्हणजे कळ्या, जोडल्याने कमरेभोवती चुण्यांचा बोजा होत नाही आणि चालताना पाय अडत नाही. या जोडांच्या कडा आत दुमडून त्यांवर दुसरी शिलाई मारली की सुटे दोरे मांडीला लागत नाहीत. दुसरी जागा नेफ्याची, म्हणजे ज्या नळीतून नाडा ओवतात त्या पट्टीची; ती अरुंद असली की नाडा कमरेत रुततो. कोकणातल्या पावसाळ्यात, जेव्हा कपडे दोन-दोन दिवस वलणीवर दमट राहतात, जाड जोड आणि अरुंद नेफा यांची किंमत कमरेवरच्या पुरळाने मोजावी लागते.

पुरुषांची पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी आणि सुती बंडी हीही बराच काळ घरच्या मशीनवर होत असे. नंतर विणलेल्या होजिअरीच्या गंजीफ्रॉकने आणि लवचिक पट्टीच्या चड्डीने त्यांना मागे टाकले. पनवेलला 1964 मध्ये दिव्याहून रेल्वे आली, 1970 नंतर सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने नवी मुंबई उभारायला घेतली, मुंबईची बाजारपेठ जवळ आली आणि तयार माल स्वस्त झाला. होजिअरीचे कापड ताणले जाते, त्यामुळे मापाची चूक त्यात खपून जाते. विणलेल्या कापडाने घरच्या शिवणीचा पराभव केला तो सफाईने नव्हे, या लवचिकपणाने. परकर तेवढा घरी किंवा शेजारच्या शिवणाऱ्या बाईकडे टिकून राहिला.

त्या परकराचीही एक दुखरी बाजू वैद्यकाने नोंदवली आहे. मुंबईतील वैद्यकीय संशोधक वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 मध्ये, धोतर वर्षानुवर्षे कमरेला आवळून नेसल्याने तेथील कातडीवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची प्रकरणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक परकराचा नाडा घट्ट बांधीत असे, तर दुसरी परकराविना लुगडे आवळून नेसत असे. असा रोग दुर्मीळ आहे, परंतु त्याची सुरुवात साध्या काळवंडलेल्या, खाजणाऱ्या वळापासून होते, आणि तो वळ पुष्कळ बायकांच्या ओळखीचा आहे. घरी परकर बेतणाऱ्यांनी नेफा चांगला रुंद ठेवावा, बारीक दोरीऐवजी चपटा नाडा वापरावा, तो सैल बांधावा, आणि कमरेवरची जखम भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावी.