बोस्टनचा सहावा गडी

नवा हंगाम तोंडावर आला म्हणजे धंदेवाईक संघाच्या भवितव्याची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा चारपाच नामांकित नावांभोवतीच फिरत राहते. १९६३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाविषयी अशीच चर्चा चालली होती आणि तिचा सूर चिंतेचा होता. संघाचा आधारस्तंभ बॉब कूझी निवृत्त झाला होता. सेल्टिक्सने तोवर सहा अजिंक्यपदे मिळविली होती, आणि त्या सहाही वेळी कूझी संघात होता. सहकाऱ्याला नेमक्या क्षणी चेंडू देऊन बास्केट करवून घेण्यात १९५३ पासून सलग आठ हंगाम तो सर्व खेळाडूंत पहिला आला होता. वयाची पस्तिशी जवळ आली तेव्हा त्याने खेळ सोडला आणि बोस्टन कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षकपद पत्करले. आता या संघाचे काय होणार, हा प्रश्न साहजिक होता.

उत्तर संघाच्या बाकावर बसलेले होते. बास्केटबॉलमध्ये पाच गडी मैदानावर असतात, परंतु बाहेर गेलेला गडी पुन्हा आत येऊ शकतो. क्रिकेटमधील बारावा गडी क्षेत्ररक्षणापुरताच. येथील सहावा मात्र डाव पालटू शकतो. प्रशिक्षक रेड आवरबॅक यांनी हे मर्म फार लवकर ओळखले. फ्रँक रॅम्झी हा खरे तर पहिल्या पाचांत शोभेल असा खेळाडू. त्याला ते मुद्दाम आरंभी बसवून ठेवीत. दोन्हीकडचे गडी दमू लागले, की ताज्या दमाचा रॅम्झी आत जाई. ज्या जागेला कमीपणाची समजूत चिकटलेली होती तिला आवरबॅक यांनी प्रतिष्ठा दिली. वर्गातील मागच्या बाकांशी ज्याचा रोजचा संबंध येतो अशा माझ्यासारख्या शिक्षकाला हे त्यांचे मोठेच कर्तृत्व वाटते.

कूझीच्या जागी आला के. सी. जोन्स. हा गृहस्थ सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात बिल रसेलचा सहाध्यायी. १९५५ व १९५६ साली दोघांनी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते आणि मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही जिंकले होते. (हे विद्यापीठ, कूझीचे होली क्रॉस आणि बोस्टन कॉलेज ही तिन्ही जेझुइट धर्मगुरूंची विद्यालये. बेळगावचे सेंट पॉल आणि पुण्याचे सेंट व्हिन्सेंट ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे थोडे कौतुक वाटेल.) सैन्यातील नोकरी संपवून के. सी. १९५८ मध्ये बोस्टनला आला आणि पाच हंगाम कूझीच्या मागे थांबला. बास्केट करण्यात तो बेताचाच होता. एका सामन्यामागे सरासरी दहा गुणही त्याने कोणत्याच हंगामात केले नाहीत. प्रतिस्पर्ध्याला जखडून ठेवण्यात मात्र त्याच्या तोडीचे गडी थोडे. सॅम जोन्सची कथाही तशीच. १९५७ साली एका लहानशा कृष्णवर्णीय महाविद्यालयातून तो आला, आणि १९६१ मध्ये बिल शर्मन निवृत्त होईपर्यंत त्याला वाट पाहावी लागली. फळ्यावर चेंडू हलकेच टेकवून तो बास्केटमध्ये सोडण्याची त्याची हातोटी विलक्षण होती.

रॅम्झीच्या बाकावर त्याचा वारसही बसला होता. १९६२ मध्ये ओहायोहून आलेला जॉन हॅव्लिचेक हा न थकणारा तरुण. १९६३–६४ च्या हंगामात बाकावरून उठून येणाऱ्या या गड्याची गुणांची सरासरी संघात सर्वाधिक ठरली. शिवाय रसेल होताच. त्याने अडविलेला आणि फळ्यावरून परत मिळविलेला चेंडू हे या संघाचे खरे भांडवल. कूझी असताना सेल्टिक्सने ८० पैकी ५८ सामने जिंकले होते, तो गेल्यावर ५९ जिंकले. अंतिम फेरीत चेंबरलेनच्या सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सचा त्यांनी ४–१ असा पराभव केला. आक्रमणातील डौल कमी झाला हे खरे, परंतु बचाव अधिक कठीण झाला.

तथापि या बाकाची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये हा संघ केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे एका प्रदर्शनीय सामन्यासाठी गेला होता. ज्या गावाने रॅम्झीला विद्यार्थिदशेत डोक्यावर घेतले तेच हे गाव. तेथील हॉटेलच्या उपाहारगृहात सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स यांना, ते कृष्णवर्णीय असल्यामुळे, खाणे देण्याचे नाकारण्यात आले. रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी न खेळताच परत गेले आणि सामना केवळ गोऱ्या खेळाडूंनी पार पाडला. संघ अजिंक्य होता, पण त्यातील काहींना त्या गावात एक कप कॉफी मिळत नव्हती. त्या काळी धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये एका वेळी किती कृष्णवर्णीय गडी मैदानावर उतरवावेत याविषयी कागदावर काहीच नव्हते, परंतु मालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या मनात एक अलिखित आकडा असे. बाकावर बसण्याची कारणे नेहमीच खेळातली नसत.

म्हणूनच २६ डिसेंबर १९६४ च्या सेंट लुईस येथील सामन्याला महत्त्व आहे. टॉम हाइन्सन जायबंदी झाल्यामुळे आवरबॅक यांनी त्याच्या जागी बाकावरील विली नॉल्सला उतरविले. रसेल, सँडर्स, के. सी. जोन्स, सॅम जोन्स आणि नॉल्स! सामन्याचा आरंभ पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनी करावा असे या धंदेवाईक संघटनेच्या इतिहासात प्रथमच घडत होते. त्यासाठी घोषणा नव्हती की समारंभ नव्हता. एक गडी दुखावला, म्हणून दुसरा उठला, एवढेच. सेल्टिक्सने तो सामना जिंकला, त्या हंगामात ८० पैकी ६२ सामने जिंकले, आणि १९६५ च्या वसंतात लॉस एंजेलिस लेकर्सला नमवून अजिंक्यपद पुन्हा बोस्टनला नेले.