मोल : एक शब्द, अनेक कुळे

इंग्रजी शब्दकोशात ‘मोल’ हा शब्द काढून पाहावा. जमिनीत बिळे करणारा प्राणी, कातडीवरचा तीळ, बंदराचा धक्का, शत्रूच्या गोटात वर्षानुवर्षे दबा धरून बसलेला हेर आणि रसायनशास्त्रातील एकक, असे पाच अर्थ तरी सापडतातच. पण शब्द एकच दिसला तरी त्याचे मूळ एक नाही.

प्राण्याला मध्ययुगीन इंग्रजीत ‘मोल्डवार्प’, म्हणजे माती उडवणारा, असेही नाव होते. (मराठीत आपण त्याला खुशाल चिचुंद्री म्हणतो. ते चूक आहे. चिचुंद्री हा निराळा प्राणी, आणि खरा मोल महाराष्ट्रात आढळतच नाही.) हेराचा अर्थ या प्राण्यावरूनच आला, आणि तो १९७४ साली जॉन ल कॅरे यांच्या कादंबरीमुळे सर्वतोमुखी झाला. तीळ मात्र डाग या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाचा वंशज आहे.

उरले धक्का आणि एकक. हे दोघे चक्क भाऊबंद आहेत! लॅटिनमध्ये ‘मोलेस’ म्हणजे प्रचंड ढीग, अवजड बांधकाम. समुद्रात दगडांची रास घालून बांधलेला धक्का तो मोल. १९४० साली डंकर्कहून सुटलेल्या सैनिकांपैकी बहुतेक अशाच एका मोलवरून जहाजात चढले. पाडून टाकणे या अर्थाचा ‘डिमॉलिश’ही याच घरातला. या ‘मोलेस’ला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून सतराव्या शतकात ‘मॉलेक्यूल’, म्हणजे इवलीशी रास, हा शब्द घडवला गेला. तोच आपला रेणू.

विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात ‘मोल’ हे एकक रूढ केले. गंमत अशी की, त्या काळी ओस्टवाल्डचा अणू-रेणूंच्या अस्तित्वावरच विश्वास नव्हता. जे तराजूत तोलता येते तेवढेच खरे, ही त्याची भूमिका. म्हणून त्याचा मोल म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम पदार्थ : पाण्याचे १८, ऑक्सिजनचे ३२. त्यात किती कण आहेत हा प्रश्न त्याच्या लेखी उद्भवतच नव्हता. पुढे झाँ पेरँ प्रभृतींच्या प्रयोगांनंतर, १९०९च्या सुमारास, त्याने अणू मान्य केले. त्याच वर्षी पेरँने त्या कणसंख्येच्या स्थिरांकाला ॲव्होगाड्रोचे नाव सुचवले. ॲव्होगाड्रो १८५६ सालीच वारला होता. ही संख्या किती, हे त्याला कधीच ठाऊक नव्हते.

वर्गात ‘मोल म्हणजे काय?’ असे विचारल्यावर ‘ग्रॅममधला रेणुभार’ हे उत्तर हमखास येते. आपण ते चूक ठरवतो, पण विद्यार्थी नकळत ओस्टवाल्डचीच व्याख्या सांगत असतो. आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. मराठीतला ‘मोल’ संस्कृत मूल्यावरून आलेला, अर्थ किंमत. त्याचा लॅटिनशी काही संबंध नाही. शिवाय आपला ‘रेणू’ म्हणजे मुळात धूलिकण. त्यामुळे इंग्रजीत मोल आणि मॉलेक्यूल यांचे जे नाते उच्चारताच जाणवते, ते मराठीत पुरते लपते. मला वाटते, १८ ग्रॅम पाणी (जेमतेम साडेतीन चहाचे चमचे) आणि ५६ ग्रॅम लोखंडी खिळे शेजारी ठेवून, जितके पाण्याचे रेणू तितकेच लोखंडाचे अणू, हे आधी सांगावे. शब्द नंतर द्यावा.

१९७१ साली मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील सातवे मूलभूत एकक झाले. मात्र १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण, या तेव्हाच्या व्याख्येत ग्रॅम टिकून होता. २० मे २०१९ पासून तोही गेला. आता मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात इतके कण. परिणामी कार्बन-१२च्या एका मोलचे वस्तुमान व्याख्येने बरोबर १२ ग्रॅम राहिलेले नाही; ते आता प्रयोगाने मोजावे लागते. फरक पडलाच तर तो अब्जांशाच्या घरातला, शाळेच्या तराजूला मुळीच न कळणारा.