लुटुपुटूच्या हवाई झुंजीचा हिशेब

लुटुपुटूच्या हवाई झुंजीत गोळी सुटत नाही आणि विमानही पडत नाही. त्यामुळे जिंकले कोण, हा वाद विमाने उतरल्यावर सुरू होतो. त्यावरचा एक जुना तोडगा पहिल्या महायुद्धातला आहे. ब्रिटनच्या हाइद येथील नेमबाजी शाळेच्या नावाने ओळखला गेलेला थॉर्नटन-पिकार्ड कंपनीचा कॅमेरा दिसायला लुइस मशीनगनसारखा होता. चाप ओढला की गोळीऐवजी छायाचित्र निघे आणि त्यावर नेमाची वर्तुळेही उमटत. समोरचे विमान वर्तुळात कुठे आले आहे, यावरून नेम किती चुकला ते कळे.

पुढे खऱ्या बंदुकांना जोडलेले गन कॅमेरे आले. पण फिल्मवर दिसतो तो फक्त नेम. त्या जागेपर्यंत वैमानिक पोचला कसा, ते सांगायला त्याचे दोन हातच उरत: एक तळवा आपले विमान, दुसरा प्रतिस्पर्ध्याचे. झुंज रेखाटून दाखवायच्या फळ्यापाशी जो आधी पोचेल तोच जिंकला, अशी अमेरिकी वैमानिकांत थट्टा चाले.

व्हिएतनाममध्ये थट्टेचे दिवस संपले. १९६५ ते १९६८ या काळात अमेरिकी वैमानिकांनी शत्रूच्या विमानांवर सोडलेल्या क्षेपणास्त्रांपैकी साधारण दहांत एकच लागले. नौदलाचे कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्या अहवालाने सदोष क्षेपणास्त्रांबरोबर अपुऱ्या प्रशिक्षणावरही बोट ठेवले. क्षेपणास्त्र किती अंतरावरून आणि कोणत्या कोनातून लागते, ही मर्यादा डोळ्यांना दिसत नाही. ती ओलांडून चाप ओढला जाई. हे सुधारायला १९६९ मध्ये नौदलाची ‘टॉपगन’ ही हवाई झुंजीची शाळा निघाली, ती चित्रपटामुळे जगाला ठाऊक झाली. उपकरणांनी सज्ज असा सरावाचा टापू ही त्याच प्रयत्नांची दुसरी, कमी गाजलेली निष्पत्ती.

क्युबिक कंपनीने असा टापू १९७० च्या दशकात ॲरिझोनातील यूमाजवळ उभारला. साइडवाइंडर क्षेपणास्त्राच्या आकाराची एक नळकांडी विमानाला टांगायची. जमिनीवरची केंद्रे तिचे अंतर एकाच वेळी अनेक ठिकाणांहून मोजत, आणि संगणक विमानाची जागा, वेग व वळण काढी. चाप ओढताच काल्पनिक क्षेपणास्त्राचा हिशेब होई. लागले असेल तर ‘मेलेल्या’ वैमानिकाने मुकाट्याने बाहेर पडायचे. उतरल्यावर सगळी झुंज पडद्यावर पुन्हा पाहता येई, तेव्हा फळ्यापाशी धावण्यात अर्थ उरला नाही.

जिंकले कोण ते कळले, तरी कोण किती चांगला लढला हे वेगळेच. ॲरिझोनातच ल्यूक तळावरच्या सिम्युलेटरमध्ये एफ-४ विमानाच्या दोन कॉकपिट एकमेकांविरुद्ध लढवत. तिथल्या नोंदींवरून ‘गुड स्टिक इंडेक्स’ हा गुणांक बेतला गेला. ‘गुड स्टिक’ म्हणजे विमानावर हुकमत असलेला वैमानिक. नेमातली सरासरी चूक, आक्रमणात आणि बचावात गेलेल्या वेळाचे प्रमाण, पहिला बळी मिळवायला लागलेला वेळ असे घटक त्यात होते. नेमातली चूक ‘मिल’मध्ये धरत, एक मिल म्हणजे हजार मीटरवर सुमारे एक मीटर.

हा गुणांक मुळात बंदुकीच्या झुंजीचा. समोरूनही लागणारी क्षेपणास्त्रे आल्यावर शेपटीमागे चिकटून राहण्याचे मोल घटले. शिवाय विमानाची गती उधळून मिळवलेला क्षणभराचा नेमही आकड्यांत चांगलाच दिसतो. म्हणून पुढच्या मापनपद्धतींनी दोन्ही विमानांमधले अंतर आणि कोन, शस्त्राचा पल्ला आणि विमानाची शिल्लक ऊर्जा यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. जमिनीवरच्या केंद्रांवाचून न चालण्याची यूमासारख्या टापूंची अडचण उपग्रहांनी सोडवली: जीपीएसवर चालणाऱ्या नळकांड्या आपली जागा स्वतःच नोंदवतात, त्यामुळे ती केंद्रे नसतानाही, अगदी समुद्रावरही, झुंज मोजता येते.